पिपा कधी संपला? (नागपूरकरांचं वजन, पोट आणि तर्री)

महालवाली | २० जुलै २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

समोसा-जिलेबीच्या गोंधळात आपलं नागपूर देशभर गाजलं. सरकारी कार्यालयांत 'तेल आणि साखर फलक' लावा असं केंद्रीय आरोग्य खात्याने सांगितलं, त्यात मिहानच्या एम्सचं नाव पुढे आलं, आणि चॅनेलवाल्यांनी त्याचं 'आता समोश्यावर सिगारेटसारखा इशारा' करून टाकलं. लगेच खुलासाही आला की ठेलेवाल्यांना कुठलंही लेबल लावायचं नाही, फलक फक्त आठवण करून द्यायला आहेत. तोवर आमच्या घरच्या ग्रुपवर बम विनोद फिरून झाले होते. दोन मीच ढकलले होते.

बातमी गाजली त्याच दिवशी, १४ जुलैला, आमच्याकडचा तेलाचा पिपा संपला.

आमच्याकडे १५ किलोचा पिपा येतो. फोडला की मी त्यावर मार्करने तारीख टाकते. सवय आईची, ती गॅसची टाकी लागली की कालनिर्णयवर लिहायची. पिप्यावर १० मे होती. म्हणजे ६५ दिवस. घरात माणसं चार. १५,००० भागिले ६५, भागिले ४. मोबाइलवर आकडा आला ५७.७ ग्रॅम, माणशी, रोज. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं ताट बघितलं, तर २००० कॅलरीच्या आहारात वरून घ्यायचं तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम आहे. आम्ही दुपटीच्या वर. आणि यात बाहेर खाल्लेलं काही धरलेलं नाही, घरचं तूपही नाही.

बरं, आमचं घर काही 'खाणारं' म्हणून प्रसिद्ध नाही. रोज वरण-भात-भाजी-पोळी. महिन्यातून एकदा सावजी, तेही पार्सल.

मग मी आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून टेप काढला आणि सगळ्यांची पोटं मोजली. बाबांचं ९४ सेंमी निघालं. बाबा म्हणजे ज्यांना लोक लग्नात 'तुम्ही काही खात नाही का हो' म्हणतात ते. उंची १६८, वजन ६४. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढला तर २२.७, एकदम पास. माझं आणि नवऱ्याचं इथे लिहीत नाही.

तर विचारायचंय असं, की आपल्या शहरात हे सगळीकडेच होऊन राहिलं आहे का? माझ्या वर्गातल्या पस्तीस मुलींचा ग्रुप आहे, त्यात थायरॉइड, पीसीओडी, शुगर, गुडघे यांतलं काही नाही अशी शोधावी लागते. आम्ही दहावीत असताना एक जाड मुलगी होती वर्गात. एक. तिला आम्ही काय काय म्हणायचो ते आठवलं की आता लाज वाटते.

---

खर्रामुक्त | २० जुलै, रात्री ११.०५

ताई, तुमी झोपायच्या टाइमाले पिपा मोजायले लावला. मी आत्ताच जाऊन आमचा पाहून आलो. तारीख नाही. पण बायको म्हणे, तुले कायले पायजे तारीख, तूच तं पेतं सगळं.

पोह्यावरच्या लाल तर्रीबद्दल काही बोलाल तं धागा सोडून जाईन.

---

पुणेरी_पाटी | २० जुलै, रात्री ११.३०

नागपूरच्या लग्नात वांग्याची भाजी वाढली होती. वांगं शोधायला पाणबुड्या लागेल इतकं वर तेल होतं. पिप्याचा हिशेब ऐकून आश्चर्य वाटलं नाही.

---

खर्रामुक्त | २० जुलै, रात्री ११.३४

@पुणेरी_पाटी, जेवायले बोलावलं होतं ना पण? तुमच्याकडं तं 'जेवूनच आला असाल' म्हणते.

---

आकडेमोड | २१ जुलै, सकाळी ७.१५

धागा चांगला आहे, भांडणात जाऊ नये म्हणून आकडे टाकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्क्यांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त होता, पुरुषांत २२.९ टक्के. चौथ्या फेरीत (२०१५-१६) बायकांत साडेवीसच्या आसपास आणि पुरुषांत १९ होते. पाच वर्षांत एवढी वाढ. शहर-खेडं वेगळं केलं की खरं चित्र दिसतं: शहरी बायका ३३.२, ग्रामीण १९.७. तीनात एक शहरी बाई.

पण महालवालीच्या बाबांसाठी त्याच पाहणीतला दुसरा आकडा बघा. त्या फेरीत कंबर-नितंब गुणोत्तरही मोजलं होतं. धोक्याच्या रेषेपलीकडे बायका ५६.७ टक्के, पुरुष ४७.७ टक्के. म्हणजे वजनकाट्यावर 'पास' होणारे कितीतरी लोक टेपवर नापास होतात.

---

डॉ_वऱ्हाडी | २१ जुलै, दुपारी २.२०

ओपीडी संपवून लिहितो आहे.

बाबांसारखे पेशंट रोज येतात. हात-पाय काडी, पोट मडकं. याला आमच्यात 'थिन-फॅट' म्हणतात आणि यावर सगळ्यात मोठं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं आहे. (पुणेकरांना आज एवढा एक गुण देऊन टाका.) २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टर मित्राचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडचं मूल जन्मतःच वजनाने कमी पण चरबीने तुलनेत जास्त असतं, हे त्यांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात दिसलं. आईचं पोषण, तिच्या आईचं पोषण, सगळं त्यात येतं. म्हणून सगळा दोष समोश्यावर टाकू नका, तो बिचारा उशिरा आला.

म्हणूनच आपल्यासाठी रेषा खाली ओढल्या आहेत. बीएमआय २३ च्या वर गेलं की जास्त, २५ च्या वर लठ्ठपणा. गोऱ्यांसाठी हेच २५ आणि ३०. पोटाचं माप पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंमी.

मोजायचं कसं तेही सांगतो, कारण बहुतेक जण पॅन्टच्या पट्ट्यापाशी मोजतात. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उभं राहून, कपडा बाजूला करून, श्वास सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही. आणि महालवाली ताई, आईच्या मशीनमधला टेप म्हणालात, त्याचं पहिलं टोक शाबूत आहे का ते बघा. जुन्या टेपची पितळी पट्टी पडली की लोक पुढचा तुकडा कापून टाकतात.

---

महालवाली | २१ जुलै, दुपारी ३.०२

डॉक्टर साहेब, दंडवत! पट्टी खरंच नाही. सुरुवातीचा दीड सेंमी गायब आहे. म्हणजे बाबा ९२.५.

सांगितल्याबरोबर बाबांनी 'बघ, दीड कमी झालं' म्हणून एक बुंदीचा लाडू घेतला.

---

सुगरणकाकू | २१ जुलै, संध्या. ६.४५

माझं वय ७१. माझ्या माहेरी, भिवापूरकडे, स्वयंपाकाला जवसाचं तेल असायचं. घाण्यावरून पितळी बरणीत आणायचं. त्याला वास उग्र, त्यामुळे हात आपोआप आखडता. सणाला फल्लीचं तेल. तळण म्हणजे पोळा, दिवाळी, लग्न. बाकी वर्षभर कढई उलटीच. तेव्हा तेल महाग होतं, हे पण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही फार शहाणे होतो. मिळालं असतं तर आम्हीही खाल्लं असतं.

मग शेतात सोयाबीन आलं. ज्वारी गेली. ज्वारी गेली तशी भाकर गेली, राशनच्या गव्हा-तांदळावर पोळी आणि भात आला. भाकरीबरोबर चून, ठेचा, आंबाडीची भाजी चालायची. पोळीला 'काहीतरी चांगलं' लागतं. सुनेला बोलत नाही मी, पण तिच्या भाजीची फोडणी पाहिली की माझ्या आईचा आठवडा आठवतो.

तरी वडाभातावर तेल ओतायचंच. त्यात मी ऐकणार नाही. हिंगमोहरीचं कडक तेल नसेल तर तो वडाभात नाही, डाळीचे वडे कुस्करलेला भात आहे.

---

खर्रामुक्त | २१ जुलै, संध्या. ७.१०

काकू, पत्ता द्या. वडाभाताच्या दिवशी येतो. हव वो, पायीच येतो.

---

बुटीबोरी_नाइट | २२ जुलै, पहाटे ४.१०

टाइम बघून समजलंच असेल. बुटीबोरी एमआयडीसीत आहे, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. कंपनीचं नाव लिहीत नाही. चार वर्षांत ११ किलो वाढलो.

रात्री २ वाजता कॅन्टीन उघडतं. त्यात पुरी-भाजी, आलूबोंडा, कधी ब्रेडपकोडा. तळलेलं टिकतं म्हणून तेच. पोळी मागितली तर 'पोळीवाली बाई रात्री येत नाही' हे उत्तर. तीन वाजता झोप येते तेव्हा दोन चमचे साखरेचा चहा, पुन्हा साडेचारला. सकाळी आठला बसने घरी. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत कूलरसमोर काय झोप होते ते नागपूरकरांना सांगायला नको. चार तास. उठलो की भूक अशी लागते जशी कोणी दोन दिवस उपाशी ठेवलं.

इथे 'सकाळी चालायला जा' असं कोणी लिहिलं तर विचारतो, माझी सकाळ कोणती?

---

डॉ_वऱ्हाडी | २२ जुलै, दुपारी १.५०

भाऊ, तुमची भूक खरी आहे, मनाचा कमजोरपणा नाही. झोप कमी पडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं. रात्री शरीर साखर हाताळायलाही तेवढं तयार नसतं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांत वजन आणि शुगर दोन्ही जास्त आढळतं, जगभर.

जमेल तेवढंच सांगतो. ड्यूटीवर जायच्या आधी घरी नीट जेवा, तेच मुख्य जेवण. दोन वाजताचं कॅन्टीन शक्यतो टाळा. डब्यात फुटाणे, उकडलेली अंडी, काकडी, एक भाकर असं न्या. चहा प्या, साखर एक चमचा करा, मग अर्धा. घरी आल्यावर खोली काळोखी करून झोपा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि कॅन्टीन कमिटी असेल तर चार जण मिळून उकडलेली अंडी मागा. अंड्याला पोळीवाली बाई लागत नाही.

---

वजनदार | २२ जुलै, रात्री ९.२५

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. वजन ११८ आहे, नावावरून कळलंच असेल.

सगळे छान लिहिताय, पण एक सांगू का? माझ्यासारख्याला तेलाचे ग्रॅम माहीत नाहीत असं समजू नका. मला समोश्याच्या कॅलरी तोंडपाठ आहेत, अडीचशेच्या घरात. मला हेही माहीत आहे की फुटाळ्यावर चालायला गेलो की बाकावरचे पोट्टे 'ए, भूकंप' करतात. एकदा जिममध्ये ट्रेडमिलच्या बाजूच्या माणसाने माझा व्हिडिओ काढला होता. त्यानंतर मी दोन वर्षं जिमकडे गेलो नाही. दवाखान्यात गुडघा दाखवायला गेलो तर वजन, घसा दाखवायला गेलो तरी वजन. मग माणूस दवाखान्यातच जायचं टाळतो, आणि शुगर तीन वर्षांनी कळते. माझी अशीच कळली.

आपले गडकरी साहेब भाषणात सांगतात, १३५ किलो होतो, ९३ वर आलो. उज्जैनच्या खासदाराला त्यांनी जाहीर सभेत सांगितलं होतं की वजन कमी कर, किलोमागे हजार कोटींची कामं देतो. लोक हसले, मीही हसलो. पण त्या हिशेबाने माझ्या वॉर्डात एखादा सरळ फूटपाथ तरी मिळाला पाहिजे ना? माझ्या घरापासून मेट्रो स्टेशनपर्यंत ९०० मीटर आहेत. त्यात फूटपाथवर पार्किंग, मग पाणीपुरीचा ठेला, मग गट्टू निघालेले, मग एकदम काहीच नाही, सिमेंट रोडची कडा. शंभर किलोचा माणूस त्या कडेवरून उतरतो तेव्हा गुडघ्याला काय होतं ते गुडघ्याला विचारा.

---

महालवाली | २२ जुलै, रात्री ९.५८

दादा, पहिल्या पोस्टमध्ये ती वर्गातल्या मुलीची ओळ लिहिताना हात अडखळला होता. तुमचं वाचून बरं केलं लिहिली असं वाटतंय. तिला मी शोधून मेसेज करणार आहे.

---

डॉ_वऱ्हाडी | २२ जुलै, रात्री १०.३०

वजनदार भाऊ, घशासाठी आलेल्या माणसाला वजनावर ऐकवणारे आम्हीच, कबूल.

एक आकडा तुमच्यासाठी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने शुगरच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. नियमित चालणं आणि खाण्यातले बदल यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि गंमत म्हणजे त्या लोकांचं वजन फारसं कमी झालेलं नव्हतं. तुमची शुगर आता आलेली आहे, तरी चालण्याचा फायदा काटा हलायची वाट बघत नाही. ११८ चे ७५ व्हायला पाहिजेत असं कोणी सांगितलं तर त्याला नमस्कार करा आणि निघा. पहिले सहा-सात किलो गेले तरी गोळ्यांचा डोस, रक्तदाब, घोरणं, सगळ्यात फरक पडतो.

---

दोनदाच_जेवा | २३ जुलै, सकाळी ९.००

इतकी चर्चा आणि दीक्षित सरांचं नाव नाही? दिवसातून दोनदा जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही, ४५ मिनिटं चाला. मी आठ महिन्यांत ९ किलो उतरवले. आणि नागपूरकरांनो, याचं मूळ तुमच्याच मातीतलं आहे, काटोलच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून हे आलं, असं दीक्षित सर स्वतः सांगतात.

---

सुगरणकाकू | २३ जुलै, सकाळी ११.२०

आमच्याकडे ह्यांनी केलं होतं. दोन वेळाच जेवायचे, पण ५५ मिनिटं पूर्ण वापरायचे. शेवटच्या पाच मिनिटांत चिवडा.

---

डॉ_वऱ्हाडी | २३ जुलै, दुपारी २.०५

ज्यांना जमतं त्यांना फायदा होतो, मुख्यतः दिवसभराचं चरणं थांबतं म्हणून. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरला न विचारता सुरू करू नका, शुगर एकदम खाली जाते. गरोदर बायका आणि वाढत्या मुलांनी नकोच.

---

मास्तर_पीटी | २५ जुलै, संध्या. ५.३०

मी शाळेत पीटी शिकवतो, शहराच्या पश्चिम भागात. शाळेचं नाव नको.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे: शाळेच्या आत आणि गेटपासून ५० मीटरपर्यंत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत. मी एका शनिवारी गोळाफेकीचा टेप घेऊन गेटबाहेर गेलो. ५० मीटरमध्ये नऊ दुकानं-ठेले. पहिला ठेला ६ मीटर ४० वर. त्याला नियम सांगितला तर तो म्हणाला, 'सर, मग मी ५१ वर उभा राहतो, तुमची पोरं तिथे येतील.' खरं आहे ते.

सीबीएसईच्या शाळांना मे महिन्यात 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. आमच्याकडे लागला. चांगला रंगीत आहे. त्याच्याच खाली वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटतात.

माझी खरी तक्रार वेगळी. आठवीपासून पीटीचा तास गणिताला जातो. आठवड्याला दोन तास कागदावर, प्रत्यक्षात एक, त्यात दहा मिनिटं रांग लावण्यात. घरी गेलं की ट्यूशन, तीही स्कूटीच्या मागे बसून. मागच्या वर्षी सातवीच्या पोरांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या, तर एका पालकाने प्रिन्सिपलकडे लेखी तक्रार दिली की मुलगा घामाने भिजून घरी आला.

---

खर्रामुक्त | २५ जुलै, संध्या. ६.००

घामानं भिजला म्हणून तक्रार? आमचा बाप आमी कोरडे घरी आलो तं मारे, की कुठं बसून राहिला होता म्हणून.

---

आशा_पूर्वनागपूर | २७ जुलै, रात्री १०.१५

मी आशा वर्कर आहे. सगळ्यांचं वाचत होते, आज लिहिते.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे आजाराचा धोका गुणांत मोजणारा, फॉर्म आम्हाला भरावा लागतो. त्यात वय, खर्रा-बिडी, दारू, व्यायाम, घरात शुगर-बीपी, आणि कमरेचा घेर असतो. चारच्या वर गुण झाले की तपासणीला आधी पाठवायचं. कमरेचा घेर लिहायला सोपा, घ्यायला अवघड. साडीची निरी मध्ये येते. पाच-सहा घड्या. वरून घेतला तर आकडा खोटा, खालून घ्यायचा तर घरात सासरा बसलेला. मी आता बाईला आतल्या खोलीत नेते, दार लोटते, टेप तिच्याच हातात देते आणि सांगते, तूच गुंडाळ, मी फक्त वाचते. मग लाजत नाहीत. बऱ्याच जणींना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कमरेचा आकडा कळतो.

तुम्हाला वाटत असेल लठ्ठपणा धरमपेठ-मनीषनगरात असतो. माझ्या वस्तीत एकाच घरात आई ७८ किलोची आणि अंगणवाडीच्या वजनकाट्यावर मूल कमी वजनाचं असतं. आई सकाळी चार घरची धुणीभांडी करते, जेवते दुपारी तीनला, तेही भात आणि आलूची भाजी. मूल रडलं की पाच रुपयांचं पाकीट. त्या पाकिटाला दोष देऊ नका लगेच. पाच रुपयांत केळं येतं का सांगा, आणि केळं दिलं तर मूल गप्प बसेल का तेही सांगा. हिमोग्लोबिन तपासलं तर आईचं ८. जाड आहे म्हणजे खाऊनपिऊन सुखी आहे असं सगळे समजतात, तिचा नवरा पण.

---

आकडेमोड | २७ जुलै, रात्री १०.५०

धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. +१००.

---

महालवाली | २४ ऑगस्ट, सकाळी ८.३०

धागा खाली गेला होता, वर आणते. काल मारबत, म्हणजे इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला गेले होते. इतवारीत ती गर्दी, ते 'घेऊन जाय गे मारबत'! बडग्ये (टीका करणारे पुतळे) नेहमीसारखे राजकारण, महागाई, भ्रष्टाचाराचे. पुढच्या वर्षी कोणीतरी तेलाच्या पिप्याचा बडग्या करा रे.

अर्थात परत येताना चार ठिकाणी थांबून खाल्लं, हे वेगळं.

---

नवीन_आयडी | २ सप्टेंबर, दुपारी १२.१०

ते वजनाचं इंजेक्शन कोणी घेतलंय का? मैत्रिणीची बहीण घेते, आठवड्यातून एकदा, म्हणे भूकच लागत नाही. नागपुरात कुठे मिळेल, भाव काय?

---

डॉ_वऱ्हाडी | २ सप्टेंबर, दुपारी ३.१५

या इंजेक्शनांतलं मौंजारो मार्चमध्ये आपल्याकडे आलं, वेगोवी जूनमध्ये. औषधं चांगली आहेत, काही लोकांना खरंच गरजेची आहेत. वजनदार भाऊंसारख्यांनी आपल्या डॉक्टरशी जरूर बोलावं, त्यात लाज काही नाही. पण लग्नाआधी पाच किलो उतरवायला ती नाहीत. मळमळ, उलट्या, पित्ताशयाचे खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज हे सगळं होऊ शकतं. थांबवलं की बहुतेकांचं वजन बरंचसं परत येतं. चिठ्ठीशिवाय, ब्यूटी पार्लरमधून, मैत्रिणीच्या बहिणीकडून अजिबात घेऊ नका. आणि भाव इथे विचारू नका प्लीज.

---

आकडेमोड | २३ सप्टेंबर, रात्री ९.००

कालपासून जीएसटीचे नवे दर. थंड पेयं ४० टक्क्यांत गेली, छान. पण पाकिटातला शेव-चिवडा १२ वरून ५ वर, बिस्किटं आणि चॉकलेट १८ वरून ५ वर. फेब्रुवारीत पंतप्रधान 'मन की बात'मध्ये तेल १० टक्के कमी करा म्हणाले होते. एका हाताने ताट ओढायचं, दुसऱ्या हाताने वाढायचं.

---

खर्रामुक्त | २३ सप्टेंबर, रात्री ९.२०

घ्या ना बापा, आपल्या घरी लग्नात असंच तं असते. मामी म्हणते 'जाड झाला रे', अन् तेवढ्यातच पानात गुलाबजाम टाकते.

---

बुटीबोरी_नाइट | ३० सप्टेंबर, पहाटे ३.४०

अपडेट. कॅन्टीनमध्ये उकडलेली अंडी सुरू झाली. आम्ही सतरा जणांनी सही केली होती. पहिल्या रात्री ४० अंडी आणली, अडीच वाजता संपली. मीच तीन खाल्ली. वजन १ किलो ८०० उतरलंय, पण झोपेचं जमत नाही अजून.

---

महालवाली | १३ ऑक्टोबर, रात्री १०.०५

काल पिपा संपला. १५ जुलैला फोडला होता. ८९ दिवस. माणशी ४२ ग्रॅम. गणपती, गौरी, दसरा सगळं यातच झालं. दिवाळीचं तळण मात्र नव्या पिप्यातून होणार आहे, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी हिशेब बिघडला की कोणी धरायला नको.

केलं काय? फार काही नाही. ओट्यावरची तेलाची बरणी काढली, तिच्या जागी छोटी वाटी ठेवली, सकाळी एकदा मोजून भरायची. संध्याकाळी वाटी रिकामी असेल तर भाजी पाण्यावर शिजवायची. पहिले पंधरा दिवस घरात शीतयुद्ध. तळून उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी भाजीत ढकलायचं बंद केलं. आधी तेच तेल तीनदा तापायचं आमच्याकडे. काकूंचं ऐकून आठवड्यात तीन दिवस भाकर. भाकर मला थापता येत नव्हती, पहिली सहा भूगोलाचा नकाशा.

नवा टेप आणला. बाबा ९० वर आहेत. रेषेवरच, आत नाही. बाबांचं म्हणणं, टेपच जाड आहे.

त्या वर्गातल्या मुलीला मेसेज केला होता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, 'हो, आठवतं.' एवढंच. मी अजून त्यावर काय लिहायचं ते ठरवलं नाही.

---

वजनदार | १३ ऑक्टोबर, रात्री १०.४०

मी ११३. फुटाळा सोडला. आता पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्सला जातो, अंधारात कोणाला कोणाचं पोट दिसत नाही.

---

खर्रामुक्त | १३ ऑक्टोबर, रात्री ११.००

दादा, रविवारी मी बी येतो. साडेपाच नाही जमत, सहा करा.

अन् ऐका, मी परवा कस्तुरचंद पार्कजवळ पोहे खायले गेलो. नेहमी म्हणतो 'वरून मारा', तं तो डाव गंजात वरवर फिरवून लाल तर्री देते. ह्या टाइमाले म्हटलं 'खालून मारा'. त्यानं डाव तळाशी घातला, चणे काढले, माझ्याकडं पाहिलं अन् विचारलं, 'काय झालं भाऊ, शुगर निघाली काय?'

---

महालवाली | १३ ऑक्टोबर, रात्री ११.०६

मग? काय सांगितलंत?

---

खर्रामुक्त | १३ ऑक्टोबर, रात्री ११.१२

सांगितलं, पिपा निघाला. त्याले काही समजलं नाही. पण वरून अर्धा डाव टाकलाच त्यानं.